एका नटावर दोन पूल : कॅन्सस सिटीच्या हॉटेलाचं प्रकरण

चाळीस मजल्यांच्या इमारतीला त्या संध्याकाळी काहीही झालं नाही. माथ्यावरचं फिरतं रेस्टॉरंट जागच्या जागी राहिलं, खोल्यांचा मनोरा हलला नाही. कोसळले ते खालच्या मोठ्या दालनात टांगलेले दोन पादचारी पूल. १७ जुलै १९८१, शुक्रवार, संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटं. ११४ माणसं गेली, दोनशेहून जास्त जखमी झाली. हॉटेल सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं.

अमेरिकेच्या मिसूरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचं हे हयात रीजन्सी हॉटेल. आमच्या धंद्यात हे प्रकरण सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण एका वाक्यात: फॅब्रिकेटरने, म्हणजे लोखंडी भाग बनवणाऱ्या वर्कशॉपने, पूल टांगायचा गज बदलला आणि पूल पडला. वाक्य खोटं नाही, अर्धवट आहे. आणि अर्धवट असल्यामुळे दोष अलगद वर्कशॉपवाल्याच्या गळ्यात जाऊन पडतो. गोव्यातल्या फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकून बाहेर पडलेली मुलं फोंड्याला आमच्या ऑफिसात कामाला येतात, त्यांनाही हे एवढंच ठाऊक असतं. मी स्ट्रक्चरल कन्सल्टंट, इमारतीच्या मजबुतीचा हिशेब करणारा इंजिनिअर आहे, म्हणजे या प्रकरणात ज्या खुर्चीवर शेवटी ठपका आला त्याच खुर्चीवर बसतो. त्यामुळे ही हकीकत त्या खुर्चीवरून सांगणं मला भाग आहे.

गोव्यात चाळीस मजली हॉटेल नाही, आणि नाही याचं मला तरी वाईट वाटत नाही. आमच्याकडे मोठ्या परिषदा भरतात त्या बांबोळी, दोनापावला, बाणावली इथल्या आडव्या पसरलेल्या हॉटेलांत. २०१६ ची ब्रिक्स परिषद बाणावलीला झाली. पण कॅन्सस सिटीचं प्रकरण उंचीचं नाहीच. ते आहे उंच छताच्या दालनाचं, तिथे वरून लटकवलेल्या वस्तूंचं, आणि त्या वस्तूंच्या जोडांचा हिशेब कोणी करायचा याचं. असली दालनं आणि असल्या वस्तू गोव्यात पाहिजे तेवढ्या आहेत.

हॉटेल कसं होतं

शहराच्या मुख्य व्यापारी भागाला लागून क्राउन सेंटर नावाचं संकुल आहे. शुभेच्छापत्रं छापणाऱ्या हॉलमार्क कंपनीच्या उपकंपनीने ते उभारलं. त्यातलं हे परिषदांसाठीचं हॉटेल. एका बाजूला खोल्यांचा मनोरा, दुसऱ्या बाजूला सभागृहं आणि बँक्वेट हॉल असलेली ठेंगणी इमारत, आणि दोहोंच्या मध्ये मोकळं दालन: सुमारे ४४ मीटर लांब, ३६ मीटर रुंद, १५ मीटर उंच. मध्ये एकही खांब नाही. परिषदेला आलेला पाहुणा खोलीतून निघून सभागृहाकडे जाताना खालच्या गर्दीत उतरू नये म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यावर असे तीन पूल दालनाच्या आरपार नेले होते. प्रत्येक ३७ मीटर लांब, वजन सुमारे २९ टन. तिसऱ्या मजल्याचा पूल बाजूला, स्वतंत्र टांगलेला. चौथ्याचा बरोबर दुसऱ्याच्या डोक्यावर.

पुलाखाली खांब नकोत ही वास्तुविशारदाची अट होती. चूक नव्हती ती. खांब आले की नाचायची, फिरायची, स्टॉल मांडायची जागा जाते, आणि परिषदांच्या हॉटेलात मोकळी जमीन हेच भांडवल. म्हणून पूल छतापासून लोखंडी गजांनी टांगले. गज सव्वा इंची, म्हणजे ३२ मिलिमीटरचे. प्रत्येक पुलाखाली तीन आडव्या तुळया, प्रत्येक तुळईच्या दोन टोकांना एकेक गज. पुलाची दोन शेवटची टोकं इमारतींवर टेकलेली.

तुळई कशी होती ते नीट डोळ्यांसमोर आणा, कारण सगळं तिथेच घडलं. आठ इंची दोन चॅनेल, म्हणजे ‘[’ अशा आकाराचे लांब लोखंडी तुकडे, तोंडाला तोंड लावून उभे केले, वरची-खालची फट वेल्डने भरली, की पोकळ पेटी तयार होते. दिसायला छान, चारी बाजूंनी सपाट. गज आरपार जायला भोक पाडलं ते या पेटीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला, म्हणजे बरोबर वेल्डच्या रेषेवर. गज आत गेला, खालून वायसर (वॉशर) आणि नट लावला, की पेटी नटावर बसली. चॅनेलचा उभा पत्रा हा भार घेणारा खरा भाग, आणि नट त्या उभ्या पत्र्यापासून लांब, दोन पातळ ओठ जिथे मिळतात तिथे. या जागी आतून एक जाड पट्टी वेल्ड केली असती, किंवा वायसर दोन्ही उभ्या पत्र्यांखाली पोचेल इतका रुंद आणि जाड घेतला असता, तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

एक गज की दोन

मूळ आराखड्यात गज अखंड होता. छतापासून निघून चौथ्या मजल्याच्या तुळईतून खाली जाऊन दुसऱ्या मजल्याच्या तुळईपर्यंत. दोन्ही पूल एकाच गजावर, पण प्रत्येक पुलाचं ओझं प्रत्येकाच्या नटावर. छताला दोघांचं ओझं, चौथ्या मजल्याच्या नटाला फक्त चौथ्याचं.

कागदावर ठीक. वर्कशॉपमध्ये अडचण. चौथ्या मजल्याखालचा नट जागेवर न्यायचा तर तो गजाच्या खालच्या टोकातून घालून वर फिरवत न्यायला हवा, म्हणजे दोन मजल्यांच्या उंचीइतक्या गजाला आटे पाडायला हवेत. ते आटे उचलताना, ओढताना, साइटवर आपटताना खराब होणार. हे फॅब्रिकेटरचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्याने सुचवलं की गज दोन करू. एक छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत. दुसरा त्याच तुळईतून, पहिल्यापासून चार इंचांवर नवीन भोक पाडून, खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत.

गणपतीची माटोळी, म्हणजे मूर्तीच्या वर फळं टांगायची लाकडी चौकट, बांधणाऱ्याला यातली मेख लगेच कळते. लाकडी चौकट आढ्याला सुंभाने बांधली. आता खाली आणखी एक चौकट टांगायची आहे. तिचे दोर वरच्या चौकटीच्या बाजूने थेट आढ्यापर्यंत नेले तर वरच्या चौकटीच्या गाठीला काही फरक पडत नाही. पण ते दोर वरच्या चौकटीलाच बांधले, तर वरच्या चौकटीची आढ्याकडची गाठ दोन्ही चौकटी, नारळ, तोरिंजनं, सुपाऱ्यांचे घोस, सगळं धरून बसते. सामान तेच, आढं तेच, दोराची जातही तीच. एका गाठीवरचा भार दुप्पट.

आकड्यांत सांगायचं तर एका जोडावर एका पुलाचं स्वतःचं ओझं सुमारे ३.६ टन. नियमाप्रमाणे माणसांचं धरायचं ओझं सुमारे साडेपाच टन. मिळून नऊ टनांच्या थोडं वर. बदलानंतर चौथ्या मजल्याच्या जोडावर हेच अठरा टनांच्या वर गेलं. नंतर सरकारी प्रयोगशाळेत तसेच जोड बनवून ओढून पाहिले तेव्हा ते साडेआठ टनांच्या आसपास हार मानत होते. आता गंमत बघा, गंमत कसली म्हणा: दोन रिकाम्या पुलांचं नुसतं ओझंच एका जोडावर सव्वासात टन होत होतं. म्हणजे हॉटेलाच्या उद्घाटनाच्या दिवशी, पुलावर एकही माणूस नसताना, त्या नटांची बहुतेक ताकद संपलेली होती.

आणि जे ऐकीव वाक्यात कधीच येत नाही ते हे: मूळ एकगजी जोडही पास होणारा नव्हता. शहराच्या बांधकाम नियमाने मागितलेल्या ताकदीच्या सुमारे ६० टक्केच त्याच्यात होती. चौकशी करणाऱ्यांचा निष्कर्ष असा की मूळ आराखडा तसाच ठेवला असता तर त्या संध्याकाळच्या ओझ्याला बहुधा पूल तग धरून राहिले असते, पण नियमाला ते तेव्हाही उतरत नव्हते. म्हणजे बदलाने दोष निर्माण केला नाही. दोष होताच, बदलाने तो दुप्पट केला.

फेब्रुवारी १९७९: शिक्का

बदल फोनवर सुचवला गेला. फोनवर नक्की काय बोलणं झालं यावर पुढे दोन्ही बाजूंनी वेगवेगळं सांगितलं. फॅब्रिकेटर म्हणाला, मी विचारलं आणि होकार मिळाला. कन्सल्टंटकडचे म्हणाले, असं काही बोलणं झाल्याचं आठवत नाही. फोनवरच्या होकाराचं असंच होतं. गोव्यात आता फोनच्या जागी व्हॉट्सॲप आलं आहे, एवढं बरं की निदान तारीख राहते.

कागदावर मात्र तारखा स्वच्छ आहेत. फॅब्रिकेटरकडे काम जास्त झालं होतं म्हणून त्याने शॉप ड्रॉइंगचं, म्हणजे वर्कशॉपमध्ये भाग बनवायच्या तपशीलवार नकाशांचं, काम बाहेरच्या ड्राफ्टिंगवाल्याला दिलं. त्याने गृहीत धरलं की जोडाचा हिशेब फॅब्रिकेटरने केला असणार. फॅब्रिकेटरने धरलं की कन्सल्टंटच्या आराखड्यात जोड दाखवलाय म्हणजे तो हिशेब करूनच दाखवला असणार. कन्सल्टंटने धरलं की जोडाचा तपशील फॅब्रिकेटर ठरवतो, तशी रीतच आहे. १६ फेब्रुवारीला ४२ शॉप ड्रॉइंगं कन्सल्टंटच्या ऑफिसात आली. २६ फेब्रुवारीला तपासल्याचा शिक्का मारून परत गेली. दहा दिवस, ४२ कागद. त्या एका जोडाचा हिशेब कोणाच्याही वहीत सापडला नाही. दोन गजांचं काय, असा प्रश्न मधल्या काळात विचारला गेला नाही असंही नाही. उत्तर मिळालं ते अशा अर्थाचं की मूळ कल्पनेतच बसतं, विशेष फरक नाही.

हे वाचताना कोणी फार लबाड किंवा आळशी माणसं डोळ्यांसमोर आणू नयेत. बदल शहाणपणाचा वाटत होता, काम सोपं करत होता, लोखंड तेवढंच लागत होतं. जो बदल कोणालाच महाग पडत नाही त्याच्याविरुद्ध बोलायला कोणी उठत नाही. खर्च वाढवणारा बदल असता तर मालकाच्या माणसाने चार वेळा हिशेब मागितला असता. मी तर म्हणेन की कन्सल्टंटने संशय घ्यावा तो याच बदलांचा. आणि उपाय होता, स्वस्त होता: दोन गज चौथ्या मजल्यावर कपलरने, म्हणजे आतून आटे असलेल्या जोडनळीने, एकमेकांना जोडले असते तर आटेही फार पाडावे लागले नसते आणि ओझं नटावर न येता गजातूनच वर गेलं असतं.

ऑक्टोबर १९७९: फुकट मिळालेला इशारा

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म फेब्रुवारीत नाही, ऑक्टोबरात आहे. १४ ऑक्टोबर १९७९, रविवार. बांधकाम चालू होतं. त्याच दालनाच्या छताचा अडीचशे चौरस मीटरहून मोठा तुकडा खाली आला. कोणी मेलं नाही. कारण निघालं छताच्या तुळयांच्या उत्तरेकडच्या टोकाचा एक जोड.

यापेक्षा मोठा इशारा इमारत देऊ शकत नाही. मालकाने दुसऱ्या इंजिनिअरिंग फर्मला बोलावून छताच्या पडझडीची चौकशी करून घेतली. मूळ कन्सल्टंटने आपण दालनातले सगळे लोखंडी जोड पुन्हा तपासू असं सांगितलं, आणि पुढे तपासल्याचं कळवलंही. पुलांच्या टांगणीचा जोड त्यात पुन्हा सुटला. तपासणी झाली ती छताची, कारण पडलं होतं छत. जिथे दुखतं तिथे हात लावायचा, बाकी अंगाला नाही. कन्सल्टंटने साइटवर कायमचा माणूस ठेवू द्या असं एकाहून जास्त वेळा मागितलं होतं. खर्चाच्या कारणावरून ते मान्य झालं नाही. ही बाजूही नोंदवली पाहिजे, कारण ठपक्याच्या कथेत ती गळून जाते.

आणखी एक गोष्ट नंतर पुढे आली. काम चालू असताना मालाने भरलेल्या ढकलगाड्या घेऊन त्या पुलांवरून जाताना मजुरांना पूल डळमळीत वाटायचा, म्हणून त्यांनी वाट बदलली. वाट बदलली, तक्रार केली नाही. कोणाकडे करणार? साइटवर मजुराला ‘पूल हलतो’ असं सांगायला खिडकीच नसते. पुढे तुळया आणि गज जिप्सम बोर्डात झाकले गेले, आणि मग नटाजवळचा पत्रा वाकतो आहे का हे दिसण्याचाही मार्ग संपला.

ती संध्याकाळ

दर शुक्रवारी दालनात जुन्या बँड संगीतावर नाचाचा कार्यक्रम होत असे. त्या दिवशी दीड हजारांवर लोक जमले होते. बरेच जण पुलांवर उभे राहून खाली बघत होते. चौथ्या मजल्याच्या पुलाच्या मधल्या तुळईच्या पूर्वेकडच्या टोकाशी नट पेटीतून वर निसटला. एका जोडाने सोडलेलं ओझं शेजारच्यांवर गेलं, तेही लगोलग सुटले. चौथ्याचा पूल दुसऱ्यावर, आणि दोन्ही मिळून खालच्या गर्दीवर.

गज तुटले नाहीत. पडझडीनंतर ते छतावरून तसेच लटकत होते, टोकाला नट आणि वायसर शाबूत. पेटी त्यांच्यावरून सोलून निघाली होती.

सुटकेचं काम चौदा तास चाललं. आग विझवण्यासाठी बसवलेले पाण्याचे नळ फुटले आणि हॉटेलाच्या स्वतःच्या टाक्यांमधलं पाणी दालनात भरू लागलं. ढिगाऱ्याखाली जिवंत माणसं, आणि पाणी चढतंय. शेवटी यंत्र लावून दर्शनी दरवाजे उखडले तेव्हा पाणी बाहेर पडलं. काँक्रीट उचलायला शहरातल्या बांधकामांवरच्या क्रेन आल्या, कंत्राटदारांची माणसं आपली अवजारं घेऊन आली.

पहिले काही दिवस लोकांच्या तोंडी कारण एकच: वर नाचत होते, तालावर पूल हलला, पडला. पडझड झाली की गर्दीवर खापर फोडणं सगळीकडे सारखंच. हा समज खोडून निघाला तो दोन बाजूंनी. तिथल्या वृत्तपत्राने स्वतः एक इंजिनिअर नेमून आराखडे आणि ढिगारा ताडून पाहिला आणि एका गजाचे दोन झाल्याचं काही दिवसांतच छापलं. त्या वार्तांकनाला १९८२ चं पुलित्झर, पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक, मिळालं. दुसरीकडे सरकारच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेने पडझडीच्या थोडा वेळ आधी झालेलं चित्रीकरण बघून माणसं मोजली. पडलेल्या दोन्ही पुलांवर मिळून साधारण ६३ जण. सरासरी ७० किलो धरा: साडेचार टनही भरत नाहीत. नियमाप्रमाणे एकेका पुलाने चाळीस टनांहून जास्त माणसांचं ओझं पेलायला हवं होतं. नाचाचा प्रश्नच उरला नाही.

हा जोड कसा हार मानतो ते मी एकदा बेतोड्याच्या वसाहतीतल्या एका शेडमध्ये बघितलं. तिथल्या फॅब्रिकेटरशी माझा दोन-गजांच्या टांगणीवरूनच वाद चालला होता. ‘बाब, बत्तीसचा गज आहे, हत्ती लटकवा,’ हे त्याचं पालुपद. शेवटी त्यानेच दोनशेचे दोन चॅनेल पेटीसारखे वेल्ड करून भोक पाडलं, नट-वायसर लावून हायड्रॉलिक प्रेसखाली धरलं. आधी काहीच दिसत नाही, फक्त काटा चढतो. मग वायसरच्या दोन्ही बाजूंचे ओठ किंचित आत वळतात, रंगाचे पापुद्रे उडतात. मग वेल्डच्या रेषेवर केसाएवढी काळी फट. त्या फटीनंतर काटा चढत नाही, नुसता नट आत जात राहतो, अगदी सावकाश, आवाज न करता. गजाला ओरखडाही नाही. तो बराच वेळ भोकात बोट घालून बघत राहिला, आणि मग म्हणाला, ‘म्हणजे गज मोठा घेऊन काय उपयोग!’ मी वर्गात फळ्यावर हे कितीदा काढलं असेल, पण या वाक्याच्या जवळ जाणारं कोणी विद्यार्थी बोललेला नाही.

जबाबदारी कोणाची ठरली

फौजदारी खटला उभा राहिला नाही. गुन्हा म्हणावा असा पुरावा नाही, असं सरकारी वकिलांचं मत पडलं. नुकसानभरपाईचे दावे कोट्यवधी डॉलरांत मिटवले गेले. खरी झुंज झाली ती परवान्यावर. मिसूरीच्या परवाना मंडळाने १९८४ मध्ये कन्सल्टंट फर्मविरुद्ध तक्रार दाखल केली, कित्येक महिने सुनावणी चालली, आणि नोव्हेंबर १९८५ मध्ये निकाल आला: घोर निष्काळजीपणा आणि व्यावसायिक गैरवर्तन. ज्यांची सही होती त्या इंजिनिअरांचे मिसूरीतले परवाने गेले. १९८८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

बचाव काय होता? जोड फॅब्रिकेटर ठरवतो ही रीत आहे. निकालाचा गाभा असा की रीत काहीही असो, आराखड्यावर ज्याचा शिक्का त्याची जबाबदारी. काम वाटून देता येतं, उत्तरदायित्व नाही. फॅब्रिकेटरला कोणी शाबासकी दिली नाही, पण परवाना कन्सल्टंटचा गेला. मला हा निकाल कठोर वाटतो आणि बरोबरही वाटतो. दुसरी काही सोय केली असती तर तीन ऑफिसांनी एकमेकांकडे बोट दाखवलं असतं, आणि बोटं दाखवण्याला अंत नसतो.

हॉटेल काही आठवड्यांतच पुन्हा उघडलं. टांगते पूल गेले. त्यांच्या जागी दुसऱ्या मजल्यावर एकच सज्जा आला, जमिनीतून वर येणाऱ्या जाड खांबांवर. हॉटेल अजून चालू आहे, नाव बदललं आहे. मृतांचं स्मारक व्हायला मात्र २०१५ साल उजाडलं.

आणि आपल्याकडे

१७ जुलै ही तारीख गोव्यालाही आहे. २०२३ मध्ये त्याच तारखेच्या पहाटे पणजीच्या कला अकादमीत, नूतनीकरण चालू असताना, खुल्या नाट्यगृहाच्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. आत कोणी नव्हतं म्हणून निभावलं. त्याआधी ४ जानेवारी २०१४ ला काणकोणात चावडीवर बांधकाम चालू असलेली इमारत पडून तीसच्या वर माणसं गेली. ५ जुलै १९८६ ला मांडवी पूल पडला आणि पणजी-बेती पुन्हा फेरीबोटीवर आली. प्रत्येकाची कारणं वेगळी आहेत, ती एका दोरीत ओवण्याचा आचरटपणा मी करणार नाही. सारखं आहे ते एवढंच की प्रत्येक वेळी चर्चा ‘कोणी खाल्ले’ यावर रंगली आणि ‘कोणता जोड, कोणी तपासला’ याला दोन ओळी मिळाल्या.

आपल्याकडे पंचायतीत किंवा पालिकेत परवान्याच्या फाइलला कन्सल्टंटचं स्ट्रक्चरल लायबिलिटी सर्टिफिकेट, म्हणजे मजबुतीची जबाबदारी घेतल्याचा दाखला, लागतं. ते देताना आम्ही हिशेब करतो तो आरसीसीचा: पाया, खांब, तुळया, स्लॅब. मग इमारत पूर्ण होते, ताबा जातो, आणि खरी टांगणी तिथून सुरू होते. लॉबीत काचेचा मधला मजला हवा. दारावर आठ मीटर पुढे येणारी छत्री हवी, पण खांब नको. बँक्वेट हॉलच्या छताला लग्नाच्या सिझनसाठी ट्रस अडकवायला हुक हवेत. हे सगळं इंटिरिअरवाला आणि फॅब्रिकेटर मिळून उरकतात. सर्टिफिकेट देणाऱ्याला कळतही नाही, आणि कागदावर मात्र जबाबदार तोच. समुद्राकाठच्या हॉटेलांत खारी हवा आहे ती वेगळीच, पीओपीच्या आत झाकलेला नट चार पावसाळ्यांनी कसा दिसतो ते ज्यांनी उघडून पाहिलंय त्यांनाच माहीत.

कॅन्सस सिटीच्या निकालानंतर तिथल्या इंजिनिअरांच्या संघटनेनेही जबाबदारी कन्सल्टंटचीच असं स्पष्ट केलं. आपल्या करारांत ते असंच गृहीत आहे, फक्त त्याचे पैसे कुठेच लिहिलेले नाहीत. कन्सल्टंटची फी ठरते चौरस मीटरवर. शॉप ड्रॉइंग तपासण्याचे तास त्यात धरलेले नसतात, साइटवर माणूस ठेवण्याचे तर नाहीतच. मग ४२ ड्रॉइंगं येतात त्या आठवड्यात ऑफिसातला सगळ्यात नवा मुलगा ती बघतो, मापं जुळवतो आणि शिक्का मारतो. सध्या मी कोटेशनमध्ये दोन वेगळ्या ओळी घालतो: लोखंडी जोडांची तपासणी, आणि टांगलेल्या प्रत्येक वस्तूची झाकण्यापूर्वीची पाहणी. त्यापुढे रक्कम लिहितो. दहातले सात मालक त्या ओळी खोडून पाठवतात. अशा वेळी टांगणीचं काम माझ्या सर्टिफिकेटच्या बाहेर आहे, असं पत्र मी देतो आणि त्याची एक प्रत परवान्याच्या फाइलला लावायला सांगतो. बहुतेकदा त्या पत्रानंतर फोन येतो, आणि खोडलेली ओळ परत चर्चेला येते.